मुस्तफाच्या आधीचा 'फायनल फाइट' : आज पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी

नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ज्या मशीनभोवती सगळ्यात जास्त गर्दी असायची, ते मशीन 'मुस्तफा'चं. खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', पण धावत लाथ मारणाऱ्या मुस्तफा कैरोचं नाव सगळ्या गेमलाच चिकटलं. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला. अमेरिकी कॉमिकवर बेतलेला असल्याने हक्कांचा गुंता आहे, आणि त्यामुळे तो आजच्या कन्सोलवर किंवा पीसीवर अधिकृतपणे खेळायला मिळत नाही.

पण मुस्तफाला जिथून सगळं मिळालं तो गेम मिळतो. कॅपकॉमचाच, १९८९ सालचा 'फायनल फाइट'. डावीकडून उजवीकडे चालत जायचं, टोळकी अंगावर घ्यायची, पिंपं फोडून जेवण शोधायचं, शेवटी बॉस, म्हणजे स्टेजचा म्होरक्या. हे सगळं तंत्र याच गेममध्ये पक्कं बसलं. आधी टेक्नोसचा 'डबल ड्रॅगन' १९८७ साली येऊन गेला होता, पण भलेमोठे शत्रू आणि अंगावर येणारी गर्दी फायनल फाइटने आणली. विकासाच्या काळात कॅपकॉमने हा गेम 'स्ट्रीट फायटर ८९' या नावाने दाखवला होता. पुढे नाव बदललं.

आजचा खेळाडू हा गेम लावतो आणि बहुतेक वेळा दोन गोष्टी होतात. एक तर तो दुसऱ्या स्टेजवर वैतागून सोडून देतो. किंवा फुकटचे कॉइन टाकत तासाभरात शेवटपर्यंत जातो आणि म्हणतो, 'बरा आहे, पण त्यात काय एवढं?' दोघांनाही गेम भेटलेलाच नसतो. फायनल फाइट हा कोण किती जोरात बटण दाबतो याचा खेळ नाही, कुठे उभं राहायचं याचा खेळ आहे. ते एकदा समजलं की पस्तीसहून अधिक वर्षं जुना हा गेम आजही अंगावर काटा आणतो. म्हणून हा लेख.

आधी योग्य आवृत्ती घ्या

हवी आहे ती मूळ आर्केड, म्हणजे पार्लरच्या मशीनवरची, आवृत्ती. ती मिळण्याचे दोन सोपे मार्ग आहेत. 'कॅपकॉम बीट एम अप बंडल' २०१८ साली पीसी, प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि स्विच यांच्यासाठी आलं. त्यात याच जातीचे सात गेम आहेत आणि ऑनलाइन जोडीने खेळता येतं. दुसरा मार्ग म्हणजे २०२१ सालचं 'कॅपकॉम आर्केड स्टेडियम'. यात खेळ मागे फिरवण्याची, हवं तिथे सेव्ह करण्याची आणि वेग कमी-जास्त करण्याची सोय आहे. एकट्याने शिकायचं असेल तर स्टेडियम, मित्र दुसऱ्या शहरात असेल तर बंडल. स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) दोन्ही अधूनमधून सवलतीत लागतात, घाई नसेल तर तेव्हा घ्या.

सुपर निन्टेंडोची जुनी आवृत्ती मात्र टाळा. त्या काळी ती खूप गाजली, पण जागेअभावी तिच्यातून गाय (Guy) हा नायक, कारखान्याची अख्खी स्टेज आणि दोघांनी खेळण्याची सोय, तिन्ही काढून टाकलं होतं. पहिली ओळख अशा कापलेल्या गेमशी होऊ नये.

खेळायच्या आधी पाच मिनिटांची मांडणी

सेटिंगमध्ये जाऊन चित्राचं प्रमाण ४:३ करा. हा गेम जुन्या चौकोनी पडद्यासाठी बनलाय. रुंद टीव्हीवर ताणून लावला की माणसं बुटकी दिसतात आणि अंतराचा अंदाज चुकतो, आणि इथे सगळं अंतरावर आहे. टीव्हीला 'गेम मोड' असेल तर तो चालू करा, नाहीतर बटण दाबणं आणि ठोसा लागणं यात फट पडते. जुन्या टीव्हीसारख्या आडव्या रेषा दाखवणारा फिल्टर आवडीप्रमाणे. मला तो लावलेला आवडतो, कारण पिक्सेलच्या कडा त्याने मऊ होतात आणि चित्रकारांनी जे रंगवलं ते दिसतं.

पॅडवर खेळत असाल तर गोल फिरणारी काडी सोडा आणि अधिक चिन्हासारखं दिशेचं बटण वापरा. पुढे जी युक्ती सांगणार आहे तिला झटकन उलटी दिशा लागते, आणि काडीवर ती नेमकी येत नाही.

तिघांपैकी कोण?

गोष्ट थोडक्यात: मेट्रो सिटी नावाच्या शहराचा महापौर माइक हॅगर, पूर्वीचा कुस्तीगीर. त्याची मुलगी जेसिका हिला मॅड गिअर टोळीने पळवलंय. सोडवायला निघतात हॅगर स्वतः, जेसिकाचा मित्र कोडी, आणि निंजुत्सू शिकलेला गाय.

नव्या माणसाने कोडी घ्यावा. तो मध्यम वेगाचा, मध्यम ताकदीचा आहे आणि चाकू हातात धरून भोसकू शकतो. बाकीचे दोघे चाकू फेकून मोकळे होतात. गाय सगळ्यात चपळ, पण त्याचा मार हलका. तलवार त्याच्या हातात सगळ्यात वेगाने चालते. हॅगर संथ आहे, पण त्याने एकदा धरलं की सुटका नाही. धरलेल्या शत्रूसकट उडी मारून अटॅक दाबला की तो त्याला डोक्यावर आपटतो, आणि ते बघणं हेच एक सुख आहे. लोखंडी पाइप मिळाला तर तोही हॅगरच्याच हातात शोभतो. पहिले काही दिवस कोडी, मग हॅगर, असा क्रम ठेवा.

दोन बटणं, पण सवयी वेगळ्या

अटॅक आणि जंप, एवढंच. मुस्तफा खेळलेल्यांनी एक गोष्ट डोक्यातून काढावी लागेल: इथे धावणं नाही. आजचे गेम खेळणाऱ्यांनी दोन काढाव्या लागतील: इथे मार अडवणंही नाही आणि लोळून निसटणंही नाही. म्हणजे मार चुकवायचा तर पायांनीच, आधीच बाजूला होऊन.

शत्रूला धरायला वेगळं बटण नाही. त्याच्या अंगाला भिडेपर्यंत चालत जा, धरलं जातं. मग अटॅक दाबला तर गुडघे बसतात किंवा हॅगर असेल तर डोकं. दिशेसह दाबला तर शत्रू फेकला जातो. नवशिके फेकण्याकडे दुर्लक्ष करतात. फेकलेला माणूस ज्या गर्दीवर पडतो ती गर्दीही आडवी होते, त्यामुळे तीन जण समोर असताना एकाला धरून बाकीच्यांवर टाकणं हा गेममधला सगळ्यात फायद्याचा सौदा आहे.

अटॅक आणि जंप एकदम दाबलं की स्पेशल. कोडी आणि गाय गोल फिरत लाथा मारतात, हॅगर हात पसरून गरगर फिरतो. चारही बाजूंचे उडतात, पण तो कोणाला लागला की तुमची थोडी एनर्जी जाते. ही सुटकेची किंमत आहे. दोन्ही बाजूंनी घेरले गेलात तर ती बिनधास्त मोजा. उभं राहून मार खाल्ला तर याहून जास्त जाईल. समोर एकटाच गुंड असताना मात्र स्पेशल मारू नका.

जमिनीवरची वस्तूही अटॅकनेच उचलली जाते. म्हणजे पायाशी पाइप पडलाय आणि समोर गुंड आहे, तर तुम्ही ठोसा समजून दाबाल आणि नायक वाकेल. तेवढ्यात मार बसतो. आधी वस्तूपासून बाजूला व्हा, मग मारा.

जागा : इथे वेळ द्या

पडद्यावरचा रस्ता नुसता डावा-उजवा नाही. तो वर-खाली, म्हणजे आत-बाहेरही आहे. ठोसा लागायला तुम्ही आणि शत्रू जवळपास एकाच आडव्या पट्टीवर असावे लागता. तुम्ही त्याच्या पट्टीवर नसाल तर तो तुमच्याशेजारी उभा असला तरी काही करू शकत नाही.

यातून पहिला नियम निघतो: शत्रूकडे सरळ रेषेत चालत जाऊ नका. सरळ गेलात तर पहिला ठोसा कोणाचा, हे नशिबावर. त्याच्या पट्टीच्या थोडं वर किंवा खाली राहून जवळ जा, त्याने हात उगारून खाली घेतला की पट्टीत शिरा आणि मारा. पहिल्या स्टेजच्या सुरुवातीचे साधे गुंड, ब्रेड आणि डग, याच कामाचे आहेत. त्यांच्यावर हेच करत राहा. वर सरका, तिरकं या, मारा. हात बसला की पुढचं सगळं हलकं होतं.

दुसरा नियम: सगळे एका बाजूला. गेम सतत प्रयत्न करतो की एक जण तुमच्या पुढे आणि एक मागे असावा. तसं झालं की एकाला मारताना दुसरा पाठीत घालतो. म्हणून गर्दी आली की आधी मारायचं नाही, आधी चालायचं. रस्त्याच्या वरच्या किंवा खालच्या कडेने वळसा घालून सगळ्यांच्या एका बाजूला या. तुमच्या मागे धावताना ते आपसूक एका पुंजक्यात येतात. मग एकाला धरा आणि पुंजक्यावर फेका. वाडीत गुरं वळणाऱ्याला हे शिकवावं लागणार नाही. तो कधी कळपाच्या मधोमध उभा राहत नाही.

तिसरा: हळू चाला. नवे शत्रू घड्याळाने येत नाहीत, तुम्ही पुढे सरकलात की येतात. तिघे अजून जिवंत असताना दोन पावलं पुढे टाकली तर आणखी दोघे दाखल होतील. समोरचं साफ करा, मग पुढे. वर वेळेचा आकडा चालू असतो, तो संपला तर लाइफ जाते, पण नीट खेळताना वेळ पुरतो. मागेही परत जाता येत नाही, तेव्हा पिंप फोडून जेवण निघालं आणि एनर्जी भरलेली असेल, तर ते पडद्यावर राहील अशा बेताने लढा आणि गरज पडली की उचला.

चौथं, अगदी छोटं. पडद्याच्या कडेला पाठ लावून उभं राहू नका. कडेबाहेरूनही माणसं येतात आणि ती दिसेपर्यंत ठोसा लागलेला असतो.

वळून मारण्याची युक्ती

ही युक्ती गेमच्या रचनेतच दडलेली आहे आणि खेळणाऱ्यांनी ती शोधून काढली. कोडी किंवा गाय असेल तरच जमते.

साधारणपणे अटॅक दाबत राहिलं की ठोशांची साखळी होते आणि शेवटचा ठोसा शत्रूला आडवा करतो. आडवा झाला की तो सुटला. पुन्हा उठेल, पुन्हा जागा घेईल. युक्ती अशी: पहिले दोन ठोसे लागू द्या. लगेच उलट दिशा दाबून एक ठोसा हवेत मारा. पुन्हा शत्रूकडे वळून दोन ठोसे. पुन्हा उलट. हवेतला ठोसा कोणाला लागत नाही, त्यामुळे साखळी मोडून परत पहिल्यापासून मोजली जाते, आणि शत्रू मात्र आधीच्या ठोशाने अजून गांगरलेला असतो. शेवटचा ठोसा येतच नाही, म्हणून तो पडतही नाही. जागच्या जागी उभा राहून त्याची एनर्जी संपते. शिवाय मागून कोणी येत असेल तर तो उलटा ठोसा त्याला बसतो.

लय 'टक-टक, वळ, टक-टक, वळ' अशी मनात म्हणा. घाई केली तर वळणं उशिरा पोचतं आणि तिसरा ठोसाही त्यालाच बसतो. आर्केड स्टेडियममध्ये वेग थोडा कमी करून याचा सराव होतो. जमलं की वेग परत मूळ जागी आणा. एकदा हात बसला की मोठ्या अंगाच्या शत्रूंची भीती निम्मी होते.

कोणापासून सावध राहायचं

शत्रूला मारलं की त्याचं नाव आणि एनर्जीची पट्टी वर दिसते. ती वाचत जा. दोन दिवसांत माणसं ओळखीची होतात.

अँडोर हा पहाडासारखा माणूस आणि त्याचं सगळं खानदान गेमभर भेटतं. तो तुम्हाला धरतो आणि सरळ रेषेत धावून येतो. त्याच्या पट्टीवर उभं राहणं म्हणजे आमंत्रण. धावून आला की वर किंवा खाली सरका, थांबला की तिरके जा. डोकं खाली घालून पडदाभर धावणारे जाडे, बिल बुल आणि त्याचे भाऊबंद, यांच्यावरही हाच उपाय. अ‍ॅक्सल आणि स्लॅश (नावं गन्स अँड रोझेस या रॉक बँडवरून आली आहेत) तुमचे ठोसे अडवतात. त्यांच्याशी ठोसाठोशी करत बसू नका, चालत जाऊन धरा आणि फेका. पॉयझन आणि रॉक्सी कोलांट्या मारत येतात. त्या उतरतात त्या क्षणी मारा.

आणि चाकूवाले, हॉलिवूड आणि एल गाडो. माझ्या मते गेममधले सगळ्यात धोकादायक हेच, बॉसपेक्षाही. लांबून उडी घेऊन चाकू खुपसतात, आणि पुढच्या स्टेजमध्ये यांच्यातले काही पेटत्या बाटल्याही फेकतात. हे पडद्यावर आले की बाकी सगळ्यांना सोडून आधी यांच्याकडे जा.

बॉस

डॅम्ड, पहिल्या स्टेजचा, मार खाल्ला की बाजूला जाऊन शिट्टी वाजवतो आणि आपली माणसं बोलावतो. ती माणसं आधी संपवा. तो परत आला की उडी मारून लाथ घालेल, तेव्हा सरळ रेषेत थांबू नका.

सब-वे या दुसऱ्या स्टेजच्या शेवटी सोडम भेटतो, आणि बहुतेकांचा प्रवास इथेच थांबतो. दोन तलवारी घेऊन तो या कडेपासून त्या कडेपर्यंत झेपावतो. घाबरून उडी मारणं हीच चूक असते, कारण हवेत दिशा बदलता येत नाही. जमिनीवर राहा. तो निघाला की पट्टी बदला, तो शेजारून गेला आणि थांबला की तिरके जाऊन दोनच ठोसे किंवा एक पकड, आणि पुन्हा दूर. लोभ सोडला तर सोडम पडतो.

वेस्ट साइडचा एडी ई. हा लाच खाणारा पोलीस. लढाईच्या सुरुवातीला तो तोंडातलं च्युइंगम थुंकतो. ते उचला, थोडी एनर्जी मिळते! एनर्जी कमी झाली की तो पिस्तूल काढतो. तेव्हा त्याच्या पट्टीत राहूच नका. कारखान्याचा रोलेंटो हातघाईला दांडका आणि शेवटी बॉम्ब वापरतो. बे एरियाचा अ‍ॅबिगेल लाल झाला की धावून येतो, तेव्हा अँडोरचा धडा आठवा. शेवटी बेल्जर, जेसिकाला मांडीवर धरून धनुष्य चालवणारा. त्याच्याशी लढताना बाकीचे गुंडही येत राहतात, म्हणून वरचा दुसरा नियम, सगळे एका बाजूला, तिथे जीव वाचवतो.

मधल्या बोनस स्टेज नुसत्या मजेच्या आहेत. एकात पाइप घेऊन गाडीचा चुराडा करायचा. 'स्ट्रीट फायटर २'मध्ये गाडी फोडायचा जो बोनस आहे, तो इथूनच गेला.

कॉइनचा नियम स्वतः घाला

सगळ्या लाइफ गेल्या की तुमचा नायक खुर्चीला बांधलेला दिसतो, समोर डायनामाइट आणि जळत जाणारी वात. पार्लरमध्ये त्या दहा सेकंदांत खिसा चाचपडला जायचा. आज एक बटण दाबलं की झालं, आणि त्यामुळे त्या वातीचा अर्थच उरत नाही. गेम ज्या ताणावर उभा आहे तो ताण गेला की उरतं ते नुसतं ठोसे मारणं.

म्हणून आठवडाभरासाठी असं करा. पहिले दोन दिवस एकाच कॉइनमध्ये खेळा आणि फक्त पहिली स्टेज पार करायचं बघा. गेलात तरी थांबा, पुन्हा पहिल्यापासून. मग ध्येय सोडम. तो पडू लागला की तीन कॉइनची मर्यादा घालून जितकं पुढे जाता येईल तितकं जा. खेळ मागे फिरवण्याची सोय सरावापुरतीच ठेवा: सोडमशी दहा वेळा भिडायचं असेल तर फिरवा, पण खरा डाव खेळताना हात लावू नका. काठिण्य सोपं करून ठेवायलाही काही हरकत नाही. फुकट कॉइनपेक्षा सोप्या पातळीवर प्रामाणिक एक कॉइन जास्त शिकवतो.

दोघांनी खेळताना

हा गेम दोघांसाठीच बनलाय, असं मी म्हणेन. आधी ठरवा: एक जण डावीकडचे घेईल, दुसरा उजवीकडचे. पाठीला पाठ नको, थोडं अंतर ठेवा. जेवण ज्याची एनर्जी कमी त्याचं, यावर वाद नको. घरी भाचा-पुतण्या असेल तर त्याला हॅगर द्या आणि तुम्ही कोडी घ्या. लहान मुलांना हॅगरची आपट कळायला एक मिनिटही लागत नाही.

बंडल घेतलं असेल तर इथून पुढची वाट त्यातच आहे. 'कॅप्टन कमांडो'मध्ये धावता येतं, म्हणून मुस्तफाच्या आठवणीने आलेल्यांना तो लगेच जवळचा वाटेल. 'नाइट्स ऑफ द राउंड'मध्ये मार अडवता येतो आणि लढत जाल तसा नायक वरच्या पातळीवर जातो. 'वॉरियर्स ऑफ फेट'मध्ये घोड्यावर बसता येतं. तिन्ही गेम पट्टी आणि जागा याच हिशोबावर चालतात, त्यामुळे सोडमकडून शिकलेलं तिथे वाया जात नाही.